हिल्केच्या मागावर

हिल्के आता मोठ्या शाळेत जाणार होती. फ्रीसलंड या डच प्रांतातल्या त्यांच्या गावातली पोरं माध्यमिक शाळेसाठी सायकलने थेट शहर गाठतात, म्हणून तिचा बाप वीत्से याने सुट्टीभर तिच्याकडून रस्ता घोटवून घेतला होता. आदल्या दिवशी तिने त्याला बजावलं, "बाबा, उद्या मागे मागे आलास ना, तर मी ओळख दाखवणार नाही. वर्गभर हसं होईल माझं."

"छे गं, मला काय दुसरे कामधंदे नाहीत?" वीत्से म्हणाला.

सकाळी गावातली पाच पोरं निघाली. पाठोपाठ कामधंदा असलेला वीत्सेही निघाला. पोरं वळून बघतील या भीतीने तो एका गोठ्याआड शिरला, तर तिथे शेजारची आन्के सायकलसकट दबा धरून बसलेली.

"मान खाली घाल रे उंटा! माझ्या पोराने पाहिलं तर जन्मात बोलणार नाही माझ्याशी."

"हळू बोला की दोघं," पलीकडच्या झुडपातून एका पोराचे आजोबा खेकसले.

पोरं समुद्राच्या बांधावर चढली आणि समोरून असा वारा सुटला, की सायकली जागच्या हलेनात. पहिल्याच दिवशी उशीर होणार, हे दिसतच होतं. हिल्के थांबली आणि मागे न बघताच ओरडली,



"ए लपलेले! सगळे पुढे या आणि वारा अडवा. शाळा दिसली की मात्र पुन्हा गायब व्हायचं!"