हुरड्याची सहल

संस्कृती सहलीला जाणार नाही म्हणाली, तेव्हाच सत्यशीलाच्या मनात पाल चुकचुकली. नववीतली पोर. एरवी सहलीचं नाव निघालं की आधीच पिशवी भरून ठेवणारी. यंदा आधी पोट दुखतं म्हणाली, मग वर्गातल्या मुली चांगल्या नाहीत म्हणाली.

"चाललीय कुठं सहल?" सत्यशीलानं विचारलं.

पोरीनं खाटेवर बसलेल्या आजोबांकडं एकदा पाहिलं. "पैठणला," ती म्हणाली.

त्यात तो मोबाइल. शाळेचे निरोप सासऱ्यांच्या, आप्पासाहेबांच्या मोबाइलवर यायचे, आणि संस्कृती तो हल्ली सारखा उचलून न्यायची. सत्यशीलानं तिला गच्चीवर गाठलं, तर ती घाईघाईनं काहीतरी पुसत होती. काय पुसलंस म्हणून विचारलं, तर काय नाय म्हणाली आणि मान वर केली नाही. ती अंघोळीला गेल्यावर सत्यशीलानं तिचं दप्तर उलटंपालटं केलं. कंगवा निघाला, अर्धी खाल्लेली चिक्की निघाली. बाकी काही सापडलं नाही, म्हणून संशय आणखीच वाढला. सहलीच्या दिवशी आप्पासाहेब लग्नाला बिडकीनला जाणार होते. घर दिवसभर मोकळं. त्यात हिला घरीच थांबायचंय.

जायचंच, असं तिनं पोरीला बजावलं.

"मग तू तरी सुट्टी घे, मम्मी," संस्कृती म्हणाली. "एक दिवस घरी थांब."

"मी कशाला थांबू?"

"असंच."

हे ऐकून तर सत्यशीला चक्रावली. आई वाटेत आडवी येऊ नये, अशी सोय लावतेय ही. सकाळी ती स्वतः उस्मानपुऱ्यातल्या शाळेपर्यंत गेली. पोर बसमध्ये चढेपर्यंत फाटकाशी उभी राहिली. बसभोवती घुटमळणाऱ्या पोरांची तोंडं एकेक करून न्याहाळली. मग कामाची जीप गाठायला पळाली.

लपवाछपवी तिचीही होतीच. घरी तिनं वाळूजच्या कंपनीत पॅकिंगचं काम म्हणून सांगितलं होतं. जायची ती वेरूळच्या रस्त्यावर, एका कृषी पर्यटन केंद्रात. तिथं नऊवारी नेसून, नाकात नथ अडकवून, शहरातल्या पाहुण्यांसमोर चुलीवर भाकरी थापायची. बिडकीनची जमीन कंपन्यांत गेली, तरी आप्पासाहेबांचा ताठा गेला नव्हता. आपली सून परक्यांच्या पंगतीला भाकरी थापते हे कळलं असतं, तर त्यांनी तिला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. मग घर चालायचं कशावर, हे त्यांना कोण विचारणार?

हुरड्याचे दिवस होते. शाळांच्या बस रोजच्याच. आजही दोन येऊन लागल्या. मुली उतरायला लागल्या आणि त्यांच्या स्वेटरचा रंग बघून सत्यशीलाचा हात परातीतच थांबला.

संस्कृती सगळ्यात शेवटी उतरली. उतरल्या उतरल्या तिनं सरळ चुलीकडं पाहिलं. आईला इथं, या वेषात बघून पोर दचकली नाही.

सत्यशीलाला आठवलं. दिवाळीनंतर मालकाच्या मुलानं चुलीवरच्या बायकांचा व्हिडिओ काढला होता. शाळांना पाठवायचाय, म्हणाला होता. ह्याही शाळेला गेला असणार. तिथून पालकांच्या ग्रुपवर. म्हणजे आप्पासाहेबांच्या मोबाइलवर. गच्चीवर पोर काय पुसत होती आणि आजोबांसमोर पैठण का म्हणाली, ते तिला आत्ता कळलं.

तिनं पदर पुढं ओढला. शेजारी भाकरी थापणाऱ्या गीताबाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर धूर गेला डोळ्यात, म्हणाली.

हुरडा खाऊन मुली ताटल्या घेऊन रांगेनं चुलीपाशी आल्या. मावशी, मला पापुद्र्याची द्या. मावशी, माझी मोठी. संस्कृतीचा नंबर आला.

"मावशी, एक भाकरी द्या," ती म्हणाली.

सत्यशीलानं दिली. लोण्याचा गोळा जरा मोठा उचलला होता, तो तिनं इतरांएवढाच करून वाढला. पोरीनं ताटली घेतली आणि पुढं सरकली.

तेवढ्यात बरोबरच्या मॅडम मोबाइल काढत आल्या. मावशींच्या मागं उभ्या राहा, म्हणाल्या, फोटो आत्ताच ग्रुपवर टाकते, पालक वाट बघत असतील. मुली चुलीमागं दाटीवाटीनं गोळा झाल्या. आप्पासाहेबांचा मोबाइल आज त्यांच्याच खिशात होता, बिडकीनला. उठून जायला काही निमित्तही सुचेना. तव्यावर भाकरी होती, पाठीशी मुली होत्या, आणि मॅडम तिला म्हणत होत्या, मावशी, जरा हसा की.

संस्कृतीनं ताटली खाली ठेवली.

"मॅडम, तुम्ही पण उभ्या राहा ना त्यांच्यात," ती म्हणाली. "मी काढते."

मॅडम खुशीत मुलींमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. पोरीनं मोबाइल धरून पाहिलं, एक पाऊल बाजूला सरकली, परत पाहिलं. चेहरा कोरा होता. सत्यशीला तिच्याकडंच बघत होती.

"मावशी," संस्कृती म्हणाली, "वर नका बघू. भाकरीकडं बघा."

सत्यशीलानं मान खाली घातली. पदर पार कपाळाखाली आला. तव्यावरची भाकरी एका बाजूनं करपत चालली होती. पोर 'झालं' म्हणेपर्यंत तिनं ती उलटली नाही.