बायकोकडची बाजू

टोकावर उभ्या केलेल्या चौकोनी पाटीचा शेवटचा कोपरा काळा करून डोर्कस पेल दोन पावलं मागे सरली. मधल्या हिरव्या ढालीवर तीन चंदेरी बगळे उभे होते. ढालीच्या भोवती सगळं काळं.

"झाले का गं बगळे?" शेगडीजवळून म्हाताऱ्या पेलने विचारलं. जन्मभर पाट्या रंगवून त्याची नजर गेली होती. जीभ शाबूत होती.

"झाले, बाबा."

"थर्लबी म्हणतात, आमच्या घराण्याच्या निशाणीतला बगळा म्हणजे धीर. कसला धीर! एका पायावर उभं राहायचं, डोळे मिटायचे आणि लक्ष सगळं माशावर."

"माणूस परवाच गेलाय. निदान आज तरी."

"मी बगळ्याबद्दल बोलतोय," म्हातारा म्हणाला.

पाटी ॲम्ब्रोज थर्लबीची होती. वर्षभर ती त्याच्या दारावर टांगायची, मग चर्चच्या भिंतीवर बापजाद्यांच्या पाट्यांशेजारी जायची. ती वाचायला गावात कुणाला अक्षरओळख लागत नसे. गेलेल्याच्या बाजूला ढालीमागे काळं, मागे राहिलेल्या जोडीदाराच्या बाजूला पांढरं. ॲम्ब्रोजने लग्न केलं नव्हतं, म्हणून सगळंच काळं. वरच्या घरून, म्हणजे थर्लबींकडून, कुणी सांगायला येण्याआधीच डोर्कसने ते भरून टाकलं होतं. त्यात दुःख होतं, आणि खरं सांगायचं तर बोटभर समाधानही. तिचा झाला नव्हता, पण दुसऱ्या कुणाचाही झाला नव्हता.

त्याच्या आजोबांची पाटी रंगवायला ती बापाबरोबर वरच्या घरी गेली होती, तेव्हा ती आणि ॲम्ब्रोज विशीत होते. तो खिडकीत बसून राही. कोणत्या घराण्याच्या ढालीवरचा सिंह झोपलेला का आणि कुणाचा डुक्कर बिनदाताचा का, असलं काहीबाही सांगून तिला हसवी. एका दुपारी त्याने तिला लग्नाचं विचारलं. ती हो म्हणाली. पंधरवड्याच्या आत त्याच्या वडिलांनी, थोरल्या थर्लबींनी, त्याला पोर्तुगालच्या लढाईवर धाडलं.

काही वर्षांनी तो लंगडत परत आला. तोवर दोघंही लाजायला लागले होते, आणि लाज ही उघड्या राहिलेल्या तेलरंगासारखी असते. वेळेत ढवळली नाही तर वर साय धरते, मग आतला रंग बाहेर येत नाही. दर रविवारी चर्चमधून निघताना तो मान किंचित लववी. तशी तो लोहारालाही लववी, आणि दाईलाही. तिच्यासाठी ती केसभर जास्त लवते का, हे डोर्कसला इतक्या वर्षांत ठरवता आलं नव्हतं. तेवढं एकच तिला हवं होतं. आता विचारणार कुणाला?

दार वाजलं. ॲम्ब्रोजची थोरली बहीण, मिस लेटिशिया, काळ्या हातमोज्यांनी घागऱ्याचा घोळ सावरत आत आली. रंगांच्या मडक्यांमधून वाट काढत ती पाटीसमोर उभी राहिली.

"चुकलंय," ती म्हणाली.

"बगळे का, बाईसाहेब?"

"बगळे ठीक आहेत. मधल्याची मान जरा उर्मट आहे, पण आमच्या घरात ते खपतं. काळं चुकलंय. अर्धंच हवं. बायकोकडची बाजू पांढरी कर."

डोर्कसला वाटलं, आपण नीट ऐकलंच नाही.

"लग्न केलं होतं त्यांनी?"

"चर्चमध्ये नाही."

शेगडीजवळ म्हातारा खाकरला. डोर्कसच्या डोळ्यांपुढे लिस्बन उभं राहिलं. तिने ते कधी पाहिलं नव्हतं, तरी त्यातल्या एका खिडकीत बसलेली काळ्या केसांची बाई तिला लख्ख दिसली. मान सगळ्यांना सारखीच लवत होती म्हणायची.

"मग ढालही मधोमध दुभागावी लागेल," ती म्हणाली. धंद्याचं बोलायला आवाज कसा कोण जाणे, पण शिल्लक होता. "अर्ध्यात तिन्ही बगळे दाटीने बसवीन. अर्धी तिच्या माहेरची."

"हो. तसंच कर."

"पण पाद्रीबुवा? चर्चमध्ये लागायची आहे पाटी."

"पाद्रीबुवांना मी बघते. आमच्याच बापाने नेमलंय त्यांना. आणि लवकर कर. उद्या दारावर लागायला हवी, नाहीतर गाव म्हणेल, बहिणीला घाई नव्हती."

रंग अजून ओला होता. डोर्कसने टर्पेंटाइनमध्ये चिंधी बुडवली आणि काळं पुसायला घेतलं. बायकोकडची बाजू हळूहळू मोकळी व्हायला लागली. तिने बगळ्यांवरही चिंधी फिरवली. पुसता पुसता तिचा हात जोरात चालायला लागला.

"दमानं गं," म्हातारा म्हणाला. "लाकूड आहे खाली."

ती थांबली. चिंधी आपटून वळली.

"सांगा बाईसाहेब, निशाणी काय त्या बाईंची? सिंह, गरुड की कोंबडा? घराणं मोठंच असणार. सांगा, म्हणजे रेखाटते आणि एकदाची मोकळी होते."

मिस लेटिशियाने हातमोजा ओढून घट्ट केला. मग सैल केला. ती डोर्कसकडे बघत नव्हती.

"मीही त्याला हेच विचारलं," ती म्हणाली. "म्हणाला, पेलांच्या घराला कसली आलीय निशाणी! कोरी ठेव ती बाजू, लेटी. तिला हवं ते ती काढेल."