हिरवा ठिपका

"हळू बोल, फोन ऐकून राह्यला," असं आमचे मालक कायम म्हणायचे. जुन्या जालन्यातल्या आमच्या दोन खोल्यांत गुपितं ती कोणती? वांग्याची भाजी खारट झाली, एवढंच.

ते गेले. मंग मी व्हिडिओ बघत बघत त्यांच्या फोनची सिस्टीम पुसली अन् मोकळी, नवी टाकली. तेवढी एकच इच्छा राहिली होती त्यांची. आता फोनात कंपन्यांचं एकही अ‍ॅप नाही. माईक आवाज घ्यायला लागला, की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका पेटतो.

"व्हॉट्सअ‍ॅप न्हाई, मंग हा डबा कशाला, काकू?" शेजारची नाझिया हसली.

"चोरून ऐकणारं कोणी नको म्हणून."

दिवेलागणीला मी मालकांच्या फोटोपुढं त्यांचा फोन ठेवून दिवसभराचं सांगत बसते. पहिल्याच दिवशी ठिपका पेटला. मी थांबले, तो विझला. सिम काढलं, नेट बंद केलं, तरी तेच. भ्यायला पाहिजे होतं. मी उलट जास्तच बोलायला लागले.

काल घसा बसला होता. दिवा लावून नुसतीच बसले.

ठिपका पेटला.

बराच वेळ पेटून राहिला. मी हुंकार द्यावा एवढा वेळ विझला, पुन्हा पेटला.

फोन कानाशी धरला. खोलीत कोणीतरी बोलत होतं, अन् मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं.