दाराला लावलेली खाट

जाफरभाईंनी ड्रिल बंद केलं, भोकातला भुसा फुंकला आणि नवं कुलूप दारात बसवून बघितलं. काळं, गुळगुळीत, मधोमध बोट टेकवायची जागा. गजराबाई त्याच्याकडं घरात आलेल्या नव्या सुनेकडं बघावं तशा बघत होत्या.

"किल्लीच न्हाय म्हणता?"

"तुमचं बोट हीच किल्ली, अक्का. आन् पारख करायला आमची शबनम हायच की. पुण्याला दिवसभर कुलपंच फोडती ती!"

गजराबाई खळखळून हसल्या. शबनमला हसू आलं नाही. ती सकाळीच पुण्याहून मुरुमला आली होती आणि बापाला मदत करायला म्हणून शेजारी आली होती. कुलपाच्या रिकाम्या खोक्यावरचं नाव तिनं वाचलं. परत वाचलं. तेच होतं.

शेवटच्या वर्षाची इंटर्नशिप तिला एका प्रयोगशाळेत मिळाली होती. यंत्रांच्या आतली चिप कुठं फसते ते शोधायचं आणि बनवणाऱ्या कंपनीला कळवायचं, हे तिथलं काम. हे कुलूप तिच्याच वाट्याला आलं होतं. महागडी उपकरणं लावून थकल्यावर तिनं चहाच्या टेबलावरचा गॅसचा लायटर उचलला, गमतीनं कुलपाला टेकवला आणि दाबला. टक. ठिणगीच्या झटक्यानं चिप बावचळली आणि कुलूप उघडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आनंदानं तिला त्या दिवशी जेवणसुद्धा गेलं नव्हतं.

कंपनी दुरुस्ती काढेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, घरीसुद्धा नाही, असं तिनं लिहून दिलं होतं. ते पाळलं तरच पुढं तिथली नोकरी.

फोन घेऊन ती अंगणात गेली.

"मॅडम, आमच्या शेजारी तेच कुलूप बसवतायत. एकट्या राहतात त्या."

प्रयोगशाळेच्या प्रमुख मैथिली मॅडमनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "एका घराला सांगितलंस की गावाला कळलं, शबनम. गावाला कळलं की चोरांना कळलं. मग जिथं जिथं हे कुलूप आहे, ती सगळी दारं उघडी."

"दुसरं घ्या, एवढंच म्हटलं तर?"

"का, म्हणून विचारतील. काय सांगशील? कळतंय ना तुला?"

"कळतंय."

कळत होतं हाच तर वांधा होता. नसतं कळलं तर भांडता तरी आलं असतं.

ती परत आली तेव्हा जाफरभाई शेवटचा स्क्रू पिळायच्या बेतात होते. गजराबाईंनी त्यांचा हात धरला.

"थांबा जरा. तुमी दुकानदार. तुमी चांगलंच म्हणनार. ही शिकल्याली हाय ह्यातलं." त्या शबनमकडं वळल्या. "तू सांग गं बाई. लावू का ह्ये?"

जाफरभाई लेकीकडं बघत होते. दहावीचा निकाल लागला होता तेव्हा बघत होते, तसेच.

शबनमला खरं तर रडू यायला हवं होतं. काहीच येत नव्हतं. दाढ काढायच्या आधी गाल बधिर करतात आणि आपलाच गाल आपल्याला परका लागतो, तसं आतून झालं होतं.

"लावा, मावशी," तिचा आवाज म्हणाला.

स्क्रू बसला. गजराबाईंनी साडीला पुसून बोट टेकवलं. हिरवा दिवा लागला, आत बारीकशी मोटर कुरकुरली. त्यांनी दार उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. मग पदर खोचला.

"आता ही खाट आत घिऊ. पंख्याखाली. धर गं एका बाजूनं."

दिवाळीत चोरांनी घर फोडलं तेव्हापासून गजराबाई ती लोखंडी खाट दाराला आडवी लावून झोपत होत्या. कुणी दार ढकललं तर आधी खाट हलेल, जाग येईल, एवढाच हिशेब. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं ते.

"असू द्या की तिथंच," शबनम म्हणाली.

"का गं?"

जाफरभाईंनीही मान वर केली. शबनमनं ओठ ओले केले.

"दारात वारा लागतो चांगला."

"वाऱ्यासाठी निजत होते व्हय मी तिथं?" गजराबाई हसल्या. "चल, धर."

तिनं धरली. खाट जड होती, फरशीवर करकरत गेली. दारापुढं चार पायांचे चार गंजके डाग उरले. गजराबाईंनी खाटेवर चादर पसरली, क्षणभर आडवं होऊन वर फिरणारा पंखा बघितला आणि डोळे मिटले.

"आज झोप लागंल बग मला," त्या म्हणाल्या. "तू सांगितलंस म्हून."

मग उठल्या. चहा टाकते म्हणत स्वयंपाकघरात गेल्या.

जाफरभाईंनी दार लोटलं. मोटर कुरकुरली, कुलूप बसलं. ते हत्यारं पिशवीत भरू लागले.

आतून लायटरचा आवाज आला. टक. गॅस पेटला नसावा. टक. टक.

शबनम दाराकडं बघत उभी होती.

"काय बघतीस बेटा?" जाफरभाई म्हणाले. "बंद हाय की."