पहिला पेला

सातला येणारी तपासणीची जीप दहा वाजले तरी आली नव्हती, आणि शिंदीच्या बनात मडक्यांच्या तोंडाशी फेस धरायला लागला होता.

रूपरावनं फडकं वर करून नाक खाली नेलं आणि झटक्यानं मान मागं घेतली. "फिरली. फेकून देतो."

"अन् त्याईले काय दाखवसान? झाडं?" त्याची बायको मनकर्णाबाई म्हणाली. "मागच्या खेपेले नत्थूच्या मडक्यात काई नव्हतं, तं त्याचा परवाना गेला. राहू द्या दोन मडके. पाह्यतीन, दोन शब्द बोलतीन, जातीन."

पहाटे उतरवली की ती नीरा. ऊन चढलं की तीच शिंदी. पहिलीला सरकारचा परवाना, दुसरीला सरकारचा तुरुंग. मध्ये फक्त सूर्य होता.

रूपरावनं पिणं सोडल्याला नऊ वर्षं झाली होती. आता नीराही तो आभाळात तारे असतील तोवरच चाखायचा. उजाडलं की मडक्याकडे पाठ करून बसायचा. त्या नऊ वर्षांआधीचं मनकर्णाबाई कोणाला सांगत नसे. तिचं डावं मनगट वाकडं जुळलं होतं, तेवढं पुरे होतं. त्या दिवसांत नवऱ्याचा आवाज गोड झाला, की ती आधी हातातल्या बांगड्या उतरवून कोनाड्यात ठेवायची. फुटलेली काच मांसात रुतते. शेजारणी टोकायच्या, नवरा जिता असताना हात मोकळे काऊन वं? ती म्हणायची, जिता आहे म्हणूनच.

जीप आली. तिघं उतरले आणि त्यांचे पाय जमिनीला लागायच्या आत मनकर्णाबाईनं त्यांना जोखून घेतलं. दत्तोपंत, नीरा मंडळाचे चिटणीस, पूर्वीचे मास्तर: यांनी आयुष्यात चहासुद्धा घाबरत घेतला असेल. पुंडलिकराव: यांची मालगुजारी गेली होती, मिशी राहिली होती. तिसरा वही घेऊन आलेला. तो फक्त दुसऱ्यांचं लिहायचा.

"जरा उशीर झाला. पवनारला थांबावं लागलं," दत्तोपंत म्हणाले. "हं, दाखवा."

"सायेब, ऊन चढलं," रूपराव म्हणाला. "आता पिऊ नोका. उद्या अंधारात या, झाडावरून उतरवतो अन् हातात देतो."

"उद्या आर्वीचं केंद्र आहे. आज शेरा पडला नाही, तर तुमचा परवाना पुढं चालायचा नाही."

पुंडलिकरावांनी मडक्यावर वाकून वास घेतला. मिशी हलली. यांना कळलं, हे मनकर्णाबाईला कळलं. पण बोलायचं, तर या वासाची ओळख कुठं झाली तेही चारचौघांत सांगावं लागलं असतं.

"वा," पुंडलिकराव म्हणाले. "चांगली दिसते बाप्पा."

"फेस बघा कसा!" दत्तोपंत म्हणाले. "धारोष्ण दुधासारखा. चला, पहिला पेला काढणाऱ्यानं प्यायचा. मंडळाचा नियम आहे."

रूपरावनं दोन्ही हात मागं नेले. "मले नोको, सायेब."

"का बरं? काही मिसळलंय का?"

वहीवाल्याचा टाक थांबला.

रूपरावनं बायकोकडे पाहिलं. मडकं तिच्याच हातात होतं. हात जरा सैल सोडला असता, तर दगडावर एक आवाज झाला असता आणि सगळं मिटलं असतं. परवानाही मिटला असता. तिनं पेल्यात दोन बोटं ओतली.

"अर्धा कशाला? भरा बाई, भरा."

तिनं भरला.

रूपराव प्यायला. ती त्याच्या गळ्याकडे पाहत होती. त्यानं तोंड वाकडं करावं, थुंकावं, निदान ठसकावं, एवढंच तिला हवं होतं. त्यातलं काही झालं नाही. त्यानं डोळे मिटले. मग पेल्याच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि तो चाटला.

"बघा! उगाच आढेवेढे," दत्तोपंत म्हणाले आणि स्वतः प्यायले. "आंबटगोड आहे. जीवनसत्त्वं असतात यात." त्यांनी दुसरा पेला घेतला. पुंडलिकरावांनी तिसराही घेतला. वहीवाल्यानं लिहिलं: चव उत्कृष्ट, परवाना चालू ठेवावा. त्याची नक्कल फाडून त्यानं मनकर्णाबाईच्या हातात दिली.

"असाच माल ठेवत जा," जीपमध्ये चढताना पुंडलिकराव रूपरावच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. दत्तोपंत कारण नसताना हसत होते.

धूळ खाली बसली. उरलेली मातीत ओतायची, हाही मंडळाचाच नियम. मनकर्णाबाईनं कागद कमरेला खोचला, दुसरं मडकं उचललं आणि बांधाकडे निघाली. मडकं भरलेलंच होतं. बांधाशी तिनं ते कलतं केलं, तर खालून बुडाला एक हात लागला.

"एवढी घाई काऊन करून राह्यली वं, मनकर्णा?" रूपराव म्हणाला. "सकाळपासून उभी हायेस. पाय दुखले असतीन. जा, बस जराशी सावलीत. मी सांडतो न हे."

किती मऊ बोलला. नऊ वर्षांत तो असं बोलला नव्हता.

तिनं मडकं सोडलं. झोपडीत गेली, कमरेचा कागद काढून कोनाड्यात ठेवला, आणि मग त्यालाच थोडं बाजूला सारून जागा केली. डाव्या हातापासून सुरुवात केली. वाकड्या हाडावरून बांगड्या एकेक करून, सावकाश निघत होत्या.