गावातल्या गावात ॲव्हरेज

पेट्रोल परवडत नाही म्हणून माझा थोरला वर्षातून एकदाच तोंड दाखवायचा. या खेपेला आला तो मला घेऊन थेट शोरूममध्ये. "हायब्रीड घेतो आई, मग बघ, दर महिन्याला येतो की नाही."

लाल गाडी स्वस्त, पांढरी महाग. मी विकणाऱ्याला विचारलं, "लांबच्या रस्त्याला कोणती बरी?"

"लाल, आजी."

"आई, तुला काय कळतंय त्यातलं?" थोरला म्हणाला. "पांढरी अठ्ठावीसचं ॲव्हरेज देते. खपतेही तीच." पांढरी घेतली.

सात महिने तो फिरकला नाही, मग त्याचा फोन आला. "आई, हिचं अठ्ठावीस गावातल्या गावातच गं. लांब काढली की पडतं."

"बरोबर निवडलीस की रे," मी म्हटलं. "मलाच त्यातलं काही कळत नव्हतं."