पांढरी ओढणी

"रंगखान्यात पांढरी ओढणी? तुझ्या आजोबांपासून इथं कुणी पांढरं घातलेलं नाही!" आबा कडाडले.

"म्हणूनच घातली," म्हणत मी पिंपाखालचं हादरे देणारं यंत्र सुरू केलं. सूत रंगवून उरलेलं लालभडक पाणी थरथरू लागलं. हेच पाणी ओढ्यात जातं म्हणून सोमवारी आमच्या रंगखान्याला टाळं लागणार होतं. पिंपातल्या पाण्यात मी माझ्या प्रयोगशाळेतली सिरॅमिकची पूड टाकली होती. तिचे कण हादरले की त्यांच्यावर वीज तयार होते आणि ती रंग तोडते.

दुपारपर्यंत पाणी नितळ झालं. "तुरटीनं बसतो तसा रंग तळाला बसला असेल," म्हणत आबांनी खालची पूड चिमटीत धरली. ती पांढरीच होती. "मग रंग गेला कुठं?"

"तुटून संपला, आबा." मी ओढणी पिंपात बुडवली आणि पिळून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उन्हात धरून उलटीपालटी केली. कुठंही लाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आबा कामावर आले ते लग्नकार्यासाठी जपलेला पांढरा सदरा घालून. बाह्या सरसावत म्हणाले, "मोठी टाकी कुठं बसवायची, ते दाखव."